अंगठा उमटला नाही, तरी बाई तीच आहे

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

शिधापत्रिकेची ई-केवायसी, पेन्शनरांचा हयातीचा दाखला, लाडक्या बहिणींची पडताळणी या विषयांच्या बातम्या आपल्या अंकात नेहमी येतात. मथळ्यात बहुतेक वेळा मुदतीचाच उल्लेख असतो. मुदत संपत आली, मुदत वाढली, केंद्रांवर गर्दी. सोलापूरच्या पूर्व भागात, अशोक चौकापासून जवळच, मी एक छोटं सेवा केंद्र चालवते. एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर, अंगठा घ्यायचं एक मशीन. या टेबलाच्या अलीकडे बसून जे रोज दिसतं ते मुदतीच्या बातम्यांत येत नाही, म्हणून हे पत्र. थोडं लांबलं आहे, पण शक्य तर पूर्ण छापावं.

माझी आई विड्या वळायची. आमच्या गल्लीतल्या बहुतेक अक्का, अत्या, मावश्या वळायच्या, आजही वळतात. ज्यांनी हे काम जवळून पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. पानं आदल्या रात्री भिजवून ओल्या फडक्यात बांधून ठेवायची. सकाळी पत्र्याचा साचा ठेवून कात्रीनं एकेक पान कापायचं. त्यात चिमूटभर तंबाखू भरून अंगठा आणि पहिल्या दोन बोटांत पान गुंडाळायचं, तोंड दाबून बंद करायचं, दोरा बांधायचा. शंभर नाही, दोनशे नाही, मजुरीच हजाराच्या हिशेबानं मिळते. त्या पानाच्या शिरा, तो तंबाखू, तो दोरा सगळं जातं अंगठ्याच्या आणि तर्जनीच्या त्याच पेरावरून. लग्नाआधीपासून केसं पांढरी होईपर्यंत हे चालतं. त्यावर धुणीभांडी आहेतच. पन्नाशी ओलांडलेल्या विडी कामगार बाईचं बोट हातात घेऊन उजेडात बघा. पेर गुळगुळीत झालेलं असतं, रेघा दिसतच नाहीत. आणि आपल्या देशानं माणूस ओळखायला नेमकं तेच पेर निवडलं आहे.

मशीनवर लाल दिवा लागतो. मग सुरू होतात आमचे उपाय. हात साबणानं धुवायला लावते. पुसून कोरडे करायला सांगते. त्यानंही नाही झालं तर उलटं, थोडं व्हॅसलीन लावते, कारण कोरड्या बोटाला मशीन पकडत नाही. बऱ्याच जणी आपणहून बोट केसांवरून फिरवून तेल लावून घेतात, हे त्यांना रेशन दुकानात कुणीतरी शिकवलेलं असतं. दहाही बोटं लावून बघतो. करंगळीचा ठसा सगळ्यात जास्त टिकलेला असतो असा माझा अनुभव आहे, कारण विडी वळताना तिला काम कमी. तरीही काही जणींच्या बाबतीत दहापैकी एकही बोट लागत नाही. त्या वेळी समोरच्या बाईचा चेहरा मला बघवत नाही. ती मशीनवर चिडत नाही. स्वतःच्याच हाताकडे बघत राहते, तिचाच काही गुन्हा असल्यासारखी.

ही बाई काय मागायला आलेली असते? केंद्र सरकारनं २०१४ मध्ये पीएफची किमान पेन्शन महिना १००० रुपये केली, तीच रक्कम आजही आहे, आणि आमच्या भागातल्या कितीतरी जणींची पेन्शन त्याच आसपास आहे. ती चालू राहावी म्हणून दर वर्षी आपण जिवंत आहोत हे सिद्ध करावं लागतं. किंवा ती आलेली असते महिन्याला माणशी पाच किलो धान्यासाठी, जे आता मोफत आहे. रक्कम आणि धान्य वाचणाऱ्याला किरकोळ वाटेल. ज्या घरात सून विड्या वळते आणि मुलगा टॉवेलच्या कारखान्यात पाळीवर जातो, त्या घरात ते किरकोळ नाही.

मी आधारच्या विरोधात नाही, हे स्पष्ट लिहिते. माझं केंद्रच त्यावर चालतं आणि त्यानं झालेला फायदा मी डोळ्यांनी पाहिला आहे. विडी कामगारांच्या मुलांची शिष्यवृत्ती आता थेट खात्यात येते, मधला माणूस गेला. दहावीचं गुणपत्रक हरवलेली पोरं डिजिलॉकरमधून काढून घेतात. कुंभारीला विडी कामगारांसाठी बांधलेल्या गोदूताई परुळेकर वसाहतीतून आणि २०२४ च्या जानेवारीत ज्यांना चाव्या मिळाल्या त्या कामगारांच्याच रे नगर वसाहतीतून लोक पत्ता बदलायला येतात. नव्या पत्त्यावरचं कार्ड हातात आलं की ते घर खऱ्या अर्थानं आपलं झालं असं त्यांना वाटतं, आणि ते वाटणं खरं आहे. उभा जन्म भाड्याच्या खोलीत काढलेल्या माणसाच्या हातात सरकारी शिक्क्याचा स्वतःचा पत्ता येतो, ही लहान गोष्ट नाही.

आणि आधारचा सगळ्यात सुंदर वापर बघायचा असेल तर एसटी स्टँडवर जा. ७५ वर्षांवरच्या लोकांना २०२२ च्या ऑगस्टपासून एसटीचा प्रवास मोफत आहे. आमच्या शेजारच्या आजी तुळजापूरला जातात, अक्कलकोटला जातात, आषाढीला गर्दी नको म्हणून कार्तिकीच्या आधीच पंढरपूर करून येतात. कंडक्टर कार्ड बघतो, जन्मसाल बघतो, आजींकडे बघतो, शून्य रुपयांचं तिकीट फाडतो. मशीन नाही, नेट नाही, बोट नाही. चालत्या गाडीत, खड्ड्यात आदळत, दहा सेकंदांत ओळख पटते. याच आजींना याच कार्डावर गल्लीच्या तोंडाशी असलेल्या दुकानातून तांदूळ मिळत नाही, कारण तिथं अंगठा लागतो. बरं, दुकानदार त्यांना तीस वर्षं ओळखतो.

यावर लोक मला सांगतात, ताई, कायदाच तसा आहे. तसा नाही. हेच मला या पत्रातून सगळ्यांना सांगायचं आहे.

आधारची सुरुवात आपल्याच राज्यात झाली. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात देशातला पहिला आधार क्रमांक दिला गेला. कायदा मात्र २०१६ मध्ये आला. त्याच्या कलम ७ मध्ये सरकारी लाभासाठी आधारची अट घालता येईल असं म्हटलं आहे, पण ती अट पूर्ण करण्याचे मार्ग एकाहून जास्त दिले आहेत. प्रमाणीकरण करावं, म्हणजे ठसा वगैरे जुळवावा, किंवा आधार क्रमांक आपल्याकडे असल्याचा पुरावा द्यावा. ज्याला क्रमांकच मिळालेला नाही त्यानं नोंदणीचा अर्ज केलेला असावा. म्हणजे कार्ड दाखवणं हा कायद्यातच सांगितलेला मार्ग आहे, दुकानदाराची मेहेरबानी नव्हे.

पुढं २०१७ च्या सप्टेंबरमध्ये झारखंडच्या सिमडेगा जिल्ह्यात अकरा वर्षांची एक मुलगी गेली. आधारशी जोडलेलं नाही म्हणून घरचं रेशनकार्ड रद्द झालेलं होतं. आई म्हणाली, भात मागत मागत पोर गेली. सरकारी बाजूनं मलेरियाचं कारण सांगितलं. त्या वादात मी शिरत नाही. पण त्यानंतर महिन्याभरातच, २४ ऑक्टोबर २०१७ रोजी, खुद्द आधार प्राधिकरणानं एक परिपत्रक काढलं. आधार नाही किंवा ठसा जुळत नाही एवढ्या कारणावरून खऱ्या लाभार्थ्याला धान्य वा इतर लाभ नाकारू नये, असं त्यात आहे. बोट लागलं नाही तर बुबुळाचं स्कॅनिंग किंवा मोबाइलवरचा ओटीपी वापरावा, तेही जमलं नाही तर कार्ड बघून लाभ द्यावा आणि त्याची नोंद वेगळ्या वहीत ठेवावी, म्हणजे नंतर तपासणी करता येईल. नेट बंद, वीज बंद असेल तरी हेच. वर्षभरानं, २६ सप्टेंबर २०१८ रोजी, सर्वोच्च न्यायालयानं चार विरुद्ध एक मतानं आधार कायदा उचलून धरला, पण बँक खातं, मोबाइलचं सिमकार्ड, शाळेतला प्रवेश यांसाठी त्याची सक्ती चालणार नाही असंही सांगितलं. विरोधी मत देणारे न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड. त्यांची भीती हीच होती की यंत्र चुकेल आणि भोगावं माणसाला लागेल.

हे परिपत्रक मी छापून, लॅमिनेट करून केंद्राच्या भिंतीवर लावलं आहे. त्याच्या प्रती बायकांना देते. एक अक्का ती प्रत घेऊन एका दुकानात गेली. दुकानदार म्हणाला, आमच्याकडे असं काही आलेलं नाही. मी स्वतः जाऊन बोलले. त्याची अडचण ऐकून घेतली आणि ती खोटी नाही. पॉस मशीनवर अंगठा पडला की मालाची वजावट होते. अंगठ्याशिवाय माल दिला तर मशीनमध्ये तो शिल्लकच दिसतो, आणि तपासणीला माणूस आला की तो तांदूळ कुठं गेला याचं उत्तर दुकानदारानं द्यायचं. त्याच्याकडे ती वेगळी वहीच नाही. ती वही कशी असावी, त्यावर सही कुणाची, ती कुठं पाठवायची, हे त्याला कुणी सांगितलेलंच नाही. दिल्लीहून निघालेला हुकूम आमच्या गल्लीपर्यंत पोचता पोचता कुठं थांबला, याचा शोध प्रशासनानं घ्यावा. त्यात दुकानदारालाही संरक्षण आहे.

आता ओटीपीबद्दल. वरून सांगायला सोपं की बोट नाही तर ओटीपी. आमच्याकडच्या म्हाताऱ्या बायकांच्या आधारला जोडलेला नंबर कुणाचा असतो? नोंदणीच्या वेळी जो कुणी सोबत होता त्याचा. तो पोरगा आता पुण्याला कंपनीत आहे, नंबर कधीच बंद पडला आहे. नवा नंबर जोडायला बहुतेक जणींना आधार केंद्रावर स्वतः जावं लागतं, ७५ रुपये फी, आणि त्या दिवसाच्या विड्या बुडतात त्या वेगळ्या. लाडक्या बहिणीच्या ई-केवायसीत तर बाईच्या ओटीपीनंतर नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारवरचा ओटीपीही मागितला. ज्यांचा नवराही नाही आणि वडीलही नाहीत अशा बायका माझ्या समोर बसून विचारत होत्या, आता मी कुणाचा नंबर देऊ? त्यांच्यासाठी कागदपत्रं देण्याची सोय झाली, पण मागाहून झाली. ती पहिल्या दिवशी सुचायला हवी होती. सोलापुरात बसून अर्ज भरणाऱ्या कुठल्याही बाईला ती पहिल्या तासात सुचली असती.

नावांचा घोळ हा आमच्या, घरोघरी तेलुगू बोलणाऱ्या, पूर्व भागाचा खास विषय आहे आणि तो वेगळ्या पत्राचा आहे. एवढंच सांगते की तेलुगू आडनाव, ते लिहिणारा मराठी कारकून आणि त्याचं इंग्रजी स्पेलिंग अशी तीन पिढ्यांची सरमिसळ पीएफच्या कागदांवर झालेली आहे. आधारवर एक, पासबुकावर दुसरं, पीएफला तिसरं. माणूस एकच.

चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची सोय आली तेव्हा मला खरंच आनंद झाला. २०२१ पासून हयातीचा दाखला मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर बसून काढता येतो आणि आता रेशनच्या केवायसीचंही अॅप आहे. माझ्याकडच्या निम्म्या अडलेल्या गोष्टी यानं सुटल्या. त्यासाठी काय करायचं ते इथं लिहिते, घरोघरी तरुण मुलांना उपयोग होईल. ट्यूबलाइटखाली बसवू नका, दारात किंवा अंगणात उजेडाकडे तोंड करून बसवा. मागे पांढरी भिंत असावी. चष्मा काढायला सांगा, डोक्यावरचा पदर थोडा मागे घ्या. अॅप पापण्या मिटायला सांगतं. मिटून परत नीट उघडायच्या असतात. इथंच बऱ्याच जणी अडकतात, विशेषतः ज्यांच्या पापण्या वयानं खाली उतरल्या आहेत त्या. अशा वेळी कानाशी हळू आवाजात तेलुगूत सांगितलं की चटकन होतं, कारण स्क्रीनवरची सूचना त्यांना वाचता येत नसते. पीएफच्या पेन्शनरांनी नोव्हेंबरचीच वाट बघण्याचं कारण नाही. दाखला वर्षात कधीही देता येतो आणि तो दिल्यापासून एक वर्ष चालतो. गर्दी नसलेल्या महिन्यात या.

मात्र अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं काय? मोतीबिंदू पिकलेल्या, मान स्थिर न राहणाऱ्या माणसाचं काय? त्यांच्यासाठी घरी जाऊन माणसानंच माणसाला बघण्याला पर्याय नाही. पोस्टमन घरी येऊन हयातीचा दाखला काढून देतात. ही चांगली सोय आहे, पण ती आहे हेच कुणाला माहीत नाही.

दुसऱ्या देशांत हे कसं करतात ते मी वाचलं. एस्टोनिया नावाचा युरोपातला देश आहे, लोकसंख्या साधारण १३ लाख. आपला सोलापूर जिल्हाच २०११ च्या जनगणनेत ४३ लाखांचा होता, म्हणजे हा देश आपल्या जिल्ह्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढाही नाही. तिथं २००२ पासून प्रत्येकाला चिप असलेलं ओळखपत्र मिळतं. त्याला दोन पिन असतात, एक ओळख पटवायला आणि दुसरा सही करायला. बँक, कर भरणं, डॉक्टरनं लिहून दिलेली औषधं दुकानातून घेणं, २००५ पासून घरबसल्या मतदानसुद्धा याच कार्डावर होतं. रोजच्या कामाला बोट लागत नाही. आपली माहिती कुठल्या सरकारी खात्यानं कधी पाहिली हे नागरिकाला बघता येतं. तिथंही चूक झाली. २०१७ मध्ये साडेसात लाखांहून जास्त कार्डांच्या चिपमध्ये दोष निघाला. सरकारनं तो जाहीर सांगितला आणि कार्डं दुरुस्त करून दिली. ते देश श्रीमंत आणि लहान आहेत, आपली तुलना होत नाही, हे मला कळतं. पण पिन ही काही श्रीमंतांची वस्तू नाही. आमच्या अक्का एटीएमचा पिन लक्षात ठेवतात. हजार विड्यांच्या मोजणीत दहाचा फरक पडला तर रात्री झोपेतून उठून सांगतील. त्यांना चार आकडे लक्षात राहणार नाहीत असं समजणं हा त्यांचा अपमान आहे.

पिन विसरला तर बदलता येतो, फुटला तर बदलता येतो. बोट बदलता येत नाही. म्हणून एक इशाराही देते. घराच्या, जमिनीच्या दस्तांवर उमटवलेल्या अंगठ्यांच्या नकला करून खात्यातून पैसे काढल्याचे गुन्हे देशात घडले आहेत. यावर उपाय म्हणून आधारच्या साइटवर ठशांना कुलूप लावण्याची सोय आहे आणि तिथंच गेल्या सहा महिन्यांत आपलं आधार कुठं कुठं वापरलं गेलं ते बघता येतं. १९४७ हा मदतीचा नंबर आहे. नोकरदार माणसानं कुलूप जरूर लावावं. पण रेशनवर जगणाऱ्या बाईनं ते लावलं तर दुकानात तिचा अंगठा चालत नाही. खातं सांभाळायचं की धान्य आणायचं, यातलं एक तिला निवडावं लागतं. दर वेळी कुलूप उघडून परत लावा म्हणणाऱ्यांनी एक दिवस माझ्या केंद्रावर येऊन बसावं.

माझ्या मागण्या मोठ्या नाहीत आणि त्यातल्या बहुतेकांना नवा कायदाही लागत नाही. पुरवठा विभागानं सोलापूर शहरातल्या आणि जिल्ह्यातल्या प्रत्येक रेशन दुकानात ती वेगळी वही ठेवायला लावावी, आणि तिच्यावर दिलेला माल मशीनच्या हिशेबातून कसा वजा करायचा हे दुकानदाराला लेखी द्यावं. दर महिन्याला किती कुटुंबांना वहीवर धान्य दिलं आणि किती अंगठ्याविना परत गेले, हे तहसील कार्यालयाच्या फलकावर लागावं. आज परत गेलेल्या बाईची नोंद कुठंच होत नाही, म्हणून वर बसलेल्यांना सगळं सुरळीत वाटतं. विडी कामगारांच्या वस्त्यांमध्ये ठसे नव्यानं घेण्याची आणि मोबाइल जोडण्याची शिबिरं विनाशुल्क भरवावीत, आणि ती सुटीच्या दिवशी असावीत. ठसे न लागणाऱ्यांना आधारबरोबर पिनचा पर्याय द्यावा, यासाठी आपल्या खासदारांनी संसदेत प्रश्न विचारावा.

आणि प्रत्येक दुकानाच्या, बँकेच्या, कार्यालयाच्या दारावर एक पाटी लावावी. मजकूर मी सुचवते: “ठसा जुळला नाही म्हणून आपला लाभ थांबत नाही. डोळे, चेहरा किंवा ओटीपी वापरा. तेही न जमल्यास आधार कार्ड दाखवून वहीत नोंद करून घ्या.” ही पाटी मराठीबरोबर तेलुगू, कन्नड आणि उर्दूतही हवी, कारण सोलापूर या चारही भाषांत बोलतं. तेलुगू मजकूर मी लिहून देईन. कन्नड आणि उर्दूसाठी आमच्या गल्लीतल्या दोन शिक्षिका तयार आहेत. रंगाचा आणि पत्र्याचा खर्च आमच्या भागापुरता आम्ही केंद्रचालक मिळून करू. परवानगी तेवढी प्रशासनानं द्यावी, आणि ती मिळाली की त्याची बातमी आपण छापावी, ही विनंती.

आपली नम्र,
एक सेवा केंद्रचालिका,
पूर्व भाग, सोलापूर